कंपनी फिटेड की बाहेरून बसवलेलं? गाडीतलं नेव्हिगेशन निवडताना

नवी गाडी बघायला गेलात की शोरूममध्ये व्हेरियंटचा तक्ता समोर येतो. त्यात ‘नेव्हिगेशन’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढची बरोबरची खूण नेमकी वरच्या एक-दोन व्हेरियंटनाच असते. गाडी जुनी असेल तर हाच प्रश्न अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात भेटतो. तिथे नऊ इंची पडदा झळकत असतो आणि दुकानदार सांगतो, ‘यात सगळं आहे, मॅपसुद्धा.’ ज्यांनी ही निवड आधी कधी केलेली नाही त्यांच्यासाठी हा लेख.

माझं मत आधीच सांगते. पडदा एकदा बसला की गाडी विकेपर्यंत डॅशबोर्डवर राहतो. नकाशाचं तसं नाही, तो रोज थोडा जुना होत असतो. त्यामुळे पडदा किती इंची, रंग किती झगझगीत हे नंतर बघा. आधी हे विचारा की यातला नकाशा ताजा कोण ठेवणार, किती वर्षं ठेवणार आणि कोणाच्या पैशाने. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

पहिली पायरी: नक्की काय विकलं जातंय ते ओळखा

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

कंपनी फिटेड नेव्हिगेशनमध्ये नकाशा गाडीतच साठवलेला असतो. पूर्वी तो एसडी कार्डावर यायचा, आता आतल्या मेमरीत असतो. ‘कनेक्टेड’ म्हणवणाऱ्या गाड्यांत जोडीला ई-सिम, म्हणजे गाडीतच बसवलेलं इंटरनेटचं सिम असतं. ट्रॅफिकची माहिती आणि नकाशातले बदल त्यावरून येतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतला नकाशा मॅपमायइंडियाचा असतो. १९९५ साली सुरू झालेली ही भारतीय कंपनी आता मॅपल्स या नावाने फोनवरही अ‍ॅप देते.

अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले ही वेगळी गोष्ट. इथे गाडीकडे स्वतःचा नकाशा नसतोच. फोन केबलने किंवा वायरलेस जोडला की फोनमधलं गूगल मॅप्स, मॅपल्स किंवा अ‍ॅपल मॅप्स गाडीच्या पडद्यावर दिसू लागतं. कारप्ले २०१४ मध्ये आलं आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. आयफोनवाल्यांना सुरुवातीला कारप्लेवर अ‍ॅपलच्याच नकाशावर भागवावं लागे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयओएस १२ आल्यावर गूगल मॅप्सही तिथे चालू लागलं. कंपनी फिटेड नकाशासाठी जादा पैसे मोजण्याचं कारण माझ्या मते तेव्हापासून झपाट्याने कमी झालं.

बाहेरून बसवायच्या स्टिरिओतही दोन जाती आहेत. एक म्हणजे सोनी, पायोनियर, केनवुड, ब्लाउपुंक्ट वगैरे ब्रँडचे टचस्क्रीन. त्यातले बहुतेक अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेपुरतेच असतात, म्हणजे नकाशा पुन्हा तुमच्या फोनचा. दुसरी जात म्हणजे ‘अँड्रॉइड प्लेयर’. हा मूळात डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅब्लेट. त्यात अ‍ॅप टाकता येतात, पण इंटरनेटसाठी फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवावा लागतो किंवा वेगळं सिम घालावं लागतं.

चौथा मार्ग सगळ्यात स्वस्त: चांगला होल्डर आणि आपला फोन. याला कमी लेखू नका.

शोरूममध्ये कुणी ‘गाडीत नेव्हिगेशन आहे’ म्हणालं की एकच प्रश्न विचारा: ‘माझा फोन घरी राहिला तर नकाशा चालेल का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर ते अँड्रॉइड ऑटो आहे, नेव्हिगेशन नव्हे. त्या ओळीसाठी जादा पैसे देण्याआधी खालच्या व्हेरियंटमध्येही अँड्रॉइड ऑटो मिळतंय का ते बघून घ्या. पुष्कळदा मिळतं.

दुसरी पायरी: डॅशबोर्ड काय बसू देतो ते बघा

जुन्या गाड्यांत स्टिरिओची खाच ठरलेल्या मापाची असते. जर्मन मानकावरून आलेलं हे माप. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन १८० बाय १००. तुमच्या गाडीत डबल डिनची खाच असेल तर बाहेरचा ब्रँडेड पडदा सहज बसतो. नऊ किंवा दहा इंची प्लेयरसाठी गाडीच्या मॉडेलनुसार वेगळी फ्रेम घ्यावी लागते. ती नीट बसली नाही तर खराब रस्त्यावर सतत खडखडते, त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानात ती खाचेवर धरून बघायला सांगा.

अलीकडच्या गाड्यांचं गणित निराळं आहे. त्यांच्या पडद्यातूनच एसी चालतो, मागचा कॅमेरा दिसतो, टायरची हवा कळते, दरवाजाच्या लॉकची सेटिंग्ज बदलतात. असा पडदा काढून दुसरा बसवायचा विचारही करू नका. अशा गाडीत निवड खरेदीच्या दिवशीच होते. नंतर हातात राहतो फक्त फोन, किंवा केबलचं अँड्रॉइड ऑटो वायरलेस करून देणारा छोटा अडॅप्टर. यूएसबीत खोचायचा हा अडॅप्टर साधारण तीन ते आठ हजारांत मिळतो. केबलला कंटाळलेल्यांना तो उपयोगी पडतो, पण फोन अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा हवा.

तिसरी पायरी: नकाशाची परीक्षा घ्या

टेस्ट ड्राइव्हला गाडी हातात आली की बहुतेक लोक पिकअप आणि ब्रेक बघतात. दहा मिनिटं नकाशालाही द्या. गाडी उभी करा, फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये खाली दिलेल्या गोष्टी शोधा.

पहिलं, समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पुढचे टप्पे एकेक करत उघडले आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यावर पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहता झाला. ज्या गाडीतला नकाशा २०२१ चा आहे तिला हा रस्ता ठाऊकच नाही. तुम्ही समृद्धीवरून जाल आणि पडद्यावर गाडी शेतातून धावताना दिसेल. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू असाच तपासा. शिवडीहून चिर्ले टाकल्यावर गाडी वाशीवरून फिरवायला निघाली तर नकाशा जुना आहे असं समजून घ्या.

दुसरं, बदललेली नावं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये लागू झाली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. नवं नाव टाकून बघा, मग जुनं टाकून बघा. दोन्हींना ओळखणारा नकाशा चांगला. फक्त जुनंच ओळखणारा असेल तर तो किती दिवस अपडेट झालेला नाही हे तुम्हाला लगेच कळेल.

तिसरं, तुमचं स्वतःचं गाव. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, निमगाव किती आहेत याची मोजदाद नाही. त्यात बुद्रुक आणि खुर्द वेगळे. पुण्याच्या आसपासच वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ आहेत. यंत्रणा तालुका आणि जिल्हा दाखवते की नुसतीच ‘वडगाव’ नावाची लांबलचक यादी समोर टाकते ते बघा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी गाव सापडलं पाहिजे. वस्ती किंवा वाडी सापडत नसेल तर अक्षांश-रेखांश टाकायची सोय आहे का तेही बघा. शेतावरच्या घराकडे जाणाऱ्यांना ती रोज लागते.

शेवटी सेटिंग्जमध्ये जाऊन नकाशाची आवृत्ती आणि तारीख वाचा. सेल्समनला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी मागा: अपडेट किती वर्षं फुकट आहेत, त्यानंतर दर काय पडेल, आणि अपडेट आपोआप येतात की सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. ई-सिमची वर्गणीही इथेच विचारा. पहिली काही वर्षं ती गाडीच्या किमतीतच धरलेली असते, पुढे दरवर्षी भरावी लागते. वर्गणी संपल्यावर साठवलेला नकाशा चालू राहतो, पण ट्रॅफिक दिसायचं थांबतं.

हे सगळं मी इतक्या खोलात का सांगते आहे? कारण गाडीत बसवलेलं तंत्रज्ञान गाडीपेक्षा लवकर म्हातारं होतं. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपलं थ्रीजी नेटवर्क बंद केलं, तेव्हा अनेक कंपन्यांच्या चांगल्या चालत्या गाड्यांतल्या कनेक्टेड सोयी कायमच्या गेल्या. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी होंडा आणि तिच्याच अक्युरा या महागड्या ब्रँडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांतली नेव्हिगेशनची घड्याळं एकदम २००२ साल दाखवू लागली. जीपीएस उपग्रह आठवड्यांचा आकडा १०२३ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतात. तो हिशोब गाडीतल्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा धरला गेला होता. महिनोन्महिने मालकांना त्यावर काही करता आलं नाही. फोन असता तर एका अपडेटचा प्रश्न होता.

चौथी पायरी: तुमचे रस्ते कोणते?

तुम्ही रोज मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकच्या गर्दीत चालवत असाल तर लाइव्ह ट्रॅफिक हीच नेव्हिगेशनची खरी किंमत. रस्ता तुम्हाला पाठ असतो. आज पूल जाम आहे की नाही एवढंच हवं असतं. इथे फोनचा नकाशा पुढे आहे, कारण ती माहिती रस्त्यावरच्या असंख्य फोनकडूनच गोळा होते. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात रांग किती लांब आहे हे एसडी कार्डाला कधीच कळणार नाही. शहरी माणसाने कंपनी फिटेड नकाशावर एक रुपयाही जादा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटात आणि सह्याद्रीच्या आतल्या बाजूला गोष्ट थोडी बदलते. ताम्हिणी, वरंधा, आंबोली, कोयनेच्या पाणलोटातले रस्ते, या सगळ्या पट्ट्यांत मोबाइलची रेंज मधेच जाते. गाडीत साठवलेला नकाशा अशा वेळी निवांत चालत राहतो. पण म्हणून त्यासाठी लाखभर घालायची गरज नाही, कारण फोनवरही ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवता येतो. तो कसा, ते पुढे सांगते.

बोगद्यांत मात्र कंपनी फिटेडची सरशी आहे आणि त्यामागचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. बोगद्यात ते पोचत नाहीत. फोन मग आधीच्या वेगावरून अंदाज बांधतो. गाडीतल्या यंत्रणेला चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे सेन्सरवरून थेट कळत असतं, त्यामुळे ती अंधारातही जागा सोडत नाही. ही युक्ती उपग्रहांपेक्षा जुनी आहे. होंडाने १९८१ मध्ये जपानमध्ये आणलेल्या इलेक्ट्रो जायरोकेटर या यंत्रात जीपीएस नव्हतंच. वायूच्या जायरोस्कोपने वळणं मोजायची, चाकांवरून अंतर मोजायचं आणि पारदर्शक नकाशावर प्रकाशाचा ठिपका पुढे सरकवायचा, असं ते चाले. समृद्धीवरच्या इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात आत कुठे वळायचंच नसतं, त्यामुळे फोन भरकटला तरी नुकसान नाही. मुंबईच्या कोस्टल रोडवर मात्र बोगदा संपताच लेन निवडायची असते. तिथे फोनला सावरायला काही सेकंद लागतात. अशा ठिकाणी वरच्या पाट्या वाचा. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले काही गाड्यांत गाडीच्या सेन्सरचीही मदत घेतं, म्हणून होल्डरमधल्या फोनपेक्षा जोडलेला फोन बरा.

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर मी वर सांगितलेलं मत बदलते. तिथे कंपनीचं नेव्हिगेशन खरोखर कामाचं ठरतं. बॅटरीत किती चार्ज आहे, घाट चढायला किती लागेल, वाटेत कुठे चार्जिंगला थांबावं हे गाडीच्या आकड्यांवरून सांगणारी यंत्रणा असेल तर तिचे पैसे द्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक बघावं. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही. अशा गाडीत कंपनीचा नकाशा आवडला नाही तर दुसरा पर्याय फोन होल्डरच.

घरात फोनशी फारसं सख्य नसलेले ज्येष्ठ गाडी चालवत असतील तरीही कंपनी फिटेडचा विचार करा. बाबा गाडीत बसले, पडद्यावर ‘घर’ दाबलं, काम झालं. केबल, ब्लूटूथ, परवानग्या यांची कटकट नाही.

पाचवी पायरी: पैशांचा हिशोब

फक्त नेव्हिगेशनसाठी वरच्या व्हेरियंटवर जायचं तर फरक बहुधा लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो. त्यात सनरूफ, अलॉय व्हील, जादा एअरबॅग असं बरंच येतं. ते हवं असेल तर जरूर घ्या, पण मग हिशोब नेव्हिगेशनच्या नावावर मांडू नका.

जुन्या गाडीसाठी अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले असलेला ब्रँडेड डबल डिन पडदा साधारण पंधरा ते चाळीस हजारांत येतो. बिनब्रँडचा अँड्रॉइड प्लेयर सात ते बारा हजारांत मिळतो. फ्रेम, कपलर (वायरी जोडायचा तयार प्लग), मागचा कॅमेरा आणि मजुरी धरून वर काही हजार. होल्डर पाचशे ते दीड हजार.

या दोन पडद्यांत माझा कौल ब्रँडेडला. बिनब्रँडच्या प्लेयरमध्ये रॅमचा आकडा आणि अँड्रॉइडची आवृत्ती प्रत्यक्षापेक्षा फुगवून दाखवलेली असू शकते. वर्षभरात तो अडकायला लागतो आणि त्याला अपडेट जवळजवळ येतच नाही. दुकानदार ‘ऑफलाइन मॅप टाकून देतो’ म्हणाला तर तो कुठला आणि कुठल्या सालचा हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. ब्रँडेड पडद्यावर हा धोकाच नाही. तो स्वतः काही ठरवत नाही, फोनमधलं दाखवतो. फोन बदलला की तुमचं नेव्हिगेशनही आपोआप नवं होतं.

बजेट दोन हजारांच्या आत असेल तर बिनधास्त होल्डर घ्या. शिल्लक पैशांत चांगला कार चार्जर घ्या, कारण नकाशा चालू असताना फोन भराभर उतरतो.

सहावी पायरी: बाहेरून बसवून घेताना

दुकान निवडताना एकच अट घाला: कंपनीची मूळ वायर कापायची नाही. प्रत्येक गाडीसाठी तयार कपलर मिळतो. तो मूळ सॉकेटमध्ये खोचला की काम होतं आणि उद्या जुना स्टिरिओ परत लावता येतो. वायर कापून टेप गुंडाळलेली दिसली तर सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी नाकारू शकतं. पुढे शॉर्टसर्किटची भीती राहते ती वेगळीच.

स्टिअरिंगवरची बटणं नव्या पडद्यावर चालवायला अनेक गाड्यांत कॅन-बस डीकोडर लागतो. हा छोटा डबा बिलात धरलाय का ते आधी विचारा, नाहीतर पडदा बसल्यावर आवाज कमी-जास्त करायला हात प्रत्येक वेळी स्टिअरिंगवरून काढावा लागेल.

वायरिंगची जुजबी ओळख असू द्या. स्टिरिओची पिवळी वायर म्हणजे कायमचा १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, काळी म्हणजे अर्थिंग. घाईत लाल वायरही कायमच्या करंटला जोडली तर गाडी बंद करूनही पडदा पूर्ण झोपत नाही आणि हळूहळू बॅटरी पीत राहतो.

पडद्याला स्वतःचं जीपीएस असेल तर सोबत काडेपेटीएवढा काळा अँटेना येतो. तो डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली काचेजवळ, सपाट आणि आभाळाकडे तोंड करून लावायला सांगा. लोखंडी पट्टीखाली दडवला तर संकेत येतच नाहीत. गाडी दुकानाबाहेर मोकळ्या जागी आणून नकाशावर आपली जागा उमटल्याशिवाय पैसे देऊ नका.

हँडब्रेकची वायर हा आणखी एक मुद्दा. ब्रँडेड पडद्यांत चालत्या गाडीत व्हिडिओ दिसू नये म्हणून ती हँडब्रेकला जोडतात. ‘साहेब, ही बायपास करून देऊ?’ असं विचारलं जाईल. नको म्हणा.

पक्कं बिल घ्या आणि ते विमा कंपनीला कळवा. कंपनी फिटेड पडदा गाडीच्या विमा किमतीत धरलेला असतो, बाहेरून बसवलेला नसतो. इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेसरीजसाठी जादा हप्ता भरून तो पॉलिसीत नोंदवता येतो. साधारण त्या वस्तूच्या किमतीच्या चार टक्के. अपघात किंवा चोरी झाली तर हाच कागद लागतो.

सातवी पायरी: फोन तयार करा

बहुतेकांची निवड शेवटी फोनवरच येईल, म्हणून तो नीट लावा.

गूगल मॅप्समध्ये तुमच्या चित्रावर टॅप करून ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये जा, हवा तो भाग चौकटीत घ्या आणि वायफायवर उतरवा. घरापासून गावापर्यंतचा सगळा पट्टा घ्या, फक्त गाव नको. उतरवलेला नकाशा कायमचा नसतो, अधूनमधून अपडेट करावा लागतो. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री एकदा बघून घ्या. ऑफलाइन असताना वाट दिसते, ट्रॅफिक दिसत नाही.

वाहन कुठलं निवडलंय ते बघा. आपल्याकडे दुचाकीची वेगळी सोय आहे. ती चुकून चालू राहिली तर फोन गाडीला बोळात घालतो. ‘टोल टाळा’ चालू असेल तर चांगला महामार्ग सोडून तो तुम्हाला आडरस्त्याला नेईल.

होल्डर काचेवर चिकटवण्यापेक्षा एसीच्या झडपेवर बरा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काचेमागचा फोन तापतो, चार्जिंग थांबतं, पडदा मंद होतो. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा आहे आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. एअरबॅगच्या झाकणावर होल्डर कधीही लावू नका.

कायदाही लक्षात असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहनचालन ठरतं. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एवढीच मुभा आहे की फोन फक्त वाट बघण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे ठिकाण निघण्याआधी टाका. वाटेत बदलायचं असेल तर गाडी बाजूला घ्या किंवा शेजारच्याला सांगा.

आणि कुठलाही नकाशा रस्त्यापेक्षा खरा मानू नका. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून रात्री गाडी नेल्याने एका चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. दोन्ही वेळा वाट फोनवर बघितली जात होती, असं बातम्यांत आलं होतं. भोर-महाडचा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात. पडद्यावर तो तरीही उघडा दिसू शकतो. अनोळखी भागात, रात्री किंवा पावसात रस्ता अरुंद होत गेला, पुढून एकही गाडी येईनाशी झाली की थांबा. जवळच्या हॉटेलात, पेट्रोल पंपावर विचारा. ‘पुढे पाणी आहे का?’ याचं उत्तर गावातल्या माणसाकडेच असतं.

आठवी पायरी: पहिला आठवडा

पडदा बसवल्यावर किंवा गाडी घरी आल्यावर आठवडाभर मुद्दाम तपासा. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा लगेच येतो का, उशीर होतो का? ब्लूटूथवर बोलताना समोरच्याला आवाज नीट जातो का? दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का? अँड्रॉइड ऑटो मधेच तुटत असेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने माहिती धड जात नाही आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

शेवटी गाडी दोन-तीन दिवस न हलवता उभी ठेवा आणि मग चालू करा. सेल्फ जड लागला तर पडदा बॅटरी खातोय. दुकानाची वॉरंटी चालू आहे तोवर बिल घेऊन परत जा आणि तुमच्यासमोर लाल-पिवळी वायर तपासून घ्या.